फॅक्सचा रकाना

निघता निघता त्यांनी विचारलं. मी वही बॅगेत कोंबत होते, आमची डिझायनर मोबाईलमधले फोटो नीट आलेत का बघत होती, बाहेर कुणाचा तरी ट्रक रिव्हर्स घेत कोकलत होता, आणि काका खुर्चीतून अर्धवट उठून, एक हात कीबोर्डवर तसाच ठेवून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे ताई. सॉफ्टवेअर नवीन करताय, चांगलंच आहे. पण काढणार काय?" मी हसले. म्हटलं, काका काहीच काढणार नाही, उलट कितीतरी नवीन येणारे, मोबाईलवर दिसेल, पट्टी व्हॉट्सअपवर जाईल. ते "बरं बरं" म्हणाले. दारात उभ्या पाहुण्याला 'या हं परत' म्हणतात ना, तसलं बरं बरं होतं ते. त्यांचा विश्वास बसला नव्हता आणि तसं दाखवायचंही नव्हतं.

कांद्याच्या बाजारातून निघून तुर्भ्याहून ठाण्याची गाडी पकडली. ओढणीला कांद्याचा वास, इतका की शेजारची बाई एकदा माझ्याकडे बघून खिडकीकडे सरकली. घणसोली गेलं, रबाळे गेलं, दिघा गाव आलं तरी डोक्यात तेच. काढणार काय? दोन महिने आम्ही लोकांना विचारत फिरत होतो की तुम्हाला काय हवंय, काय आवडेल, काय असतं तर बरं झालं असतं. हा एकच माणूस भेटला ज्याने उलटा प्रश्न विचारला, आणि माझ्याकडे उत्तर होतं, लिहून ठेवलेलं होतं, एक्सेलच्या शीटमधे लाल रंगात. मी ते त्यांना सांगितलं नाही एवढंच.

आमचं सॉफ्टवेअर आडत्यांच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालांच्या हिशेबाचं. शेतकऱ्याचा माल आला की किती गोणी, वजन काय, गोळ्याला, म्हणजे मोठ्या कांद्याला भाव काय, गोल्टीला, म्हणजे बारक्याला काय, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं, घेतलेली उचल वजा करून हातात किती, याची पट्टी काढायची. आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी माल उचलला त्यांची उधारी. बास. आमच्या सरांनी नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेसच्या भाषेत लिहिलं, तेही बाजारातल्याच एका गाळ्यावर रात्री बसून. डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जमान्यातली निळी स्क्रीन, ८० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच. बाजारात त्याला नावाने कुणी ओळखत नाही, 'निळं' म्हणतात. 'निळं चालू कर', 'निळं अडकलं'. मायक्रोसॉफ्टने २००७ मधेच सांगून टाकलं होतं की फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, ती बातमी आमच्या ऑफिसात पोचली तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, चालतंय तोवर चालवू. चाललं की मग, चांगलं दहा-पंधरा वर्षं चाललं. पण ६४-बिट विंडोजवर डॉसमधले असे जुने प्रोग्राम सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ तर ३२-बिटमधे आलंच नाही. त्यामुळे नवा कॉम्प्युटर घेतला की निळं बंद. मग लोकांनी काय करावं? जुने कॉम्प्युटर जपायला लागले. एका गाळ्यात मी स्वतः पाहिलंय, पिवळा पडलेला सीपीयू देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, त्याच्यावर धुतलेला टॉवेल, आणि मागे जाड वायरने जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. आमच्या कुठल्या जाहिरातीनेही आमचा एवढा मान ठेवला नसेल.

मी या कंपनीत प्रॉडक्टच्या कामाला आत्ता आत्ता आले, त्याआधी अकरा वर्षं सपोर्टचा फोन उचलायचे. वागळे इस्टेटमधे आमचं ऑफिस, पूर्वी कसलासा कारखाना असलेली इमारत, सकाळी साडेआठला शटर वर करायचं आणि फोन सुरू. निम्मे फोन एकाच गोष्टीचे. लाईट गेली, कॉम्प्युटर तसाच बंद पडला, परत चालू केला तर शेतकऱ्यांची नावंच दिसेनात. घाबरलेला आवाज यायचा, मॅडम सगळं गेलं. मग मी सांगायची, काही गेलं नाही, फक्त सूची बिघडलीय, मेन्यूतून रीइंडेक्स मारा. पलीकडे तीन-चार बटणांचा आवाज, मग शांतता, मग हुश्श. हे काका महिन्यातून दोनदा तरी असायचेच. मेहता काका. मेहता हे आडनाव नव्हे, बाजारात हिशेब लिहिणाऱ्याला मेहताच म्हणतात, हे मूळचे जुन्नरकडचे. त्यांना रीइंडेक्स कुठे आहे हे मला माहिती होतं त्यापेक्षा चांगलं माहिती होतं, तरी फोन करायचे. "मॅडम, मारू ना?" मी म्हणायची मारा. मग मारायचे. २०१६ च्या जुलैत फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, आणि रातोरात पट्टीतली एक ओळ काढून उधारीच्या बिलात घालायची वेळ आली, त्या आठवड्यात बाजार पेटलेला, फोनवर शिव्या खाल्ल्या मी, तेव्हा हे एकटेच होते ज्यांनी विचारलं, मॅडम तुम्ही जेवलात का.

अकरा वर्षं आवाज ऐकला, तोंड बघितलं नव्हतं.

तर गेल्या वर्षी नवीन प्रॉडक्ट हेड आला, तरुण, हुशार, खरंच हुशार, टोमणा नाही. तो म्हणाला नवं लिहायच्या आधी ग्राहकांना विचारू. सरांना हे आवडलं नाही, त्यांचं म्हणणं मी बाजारात आयुष्य काढलंय, मला कुणाला विचारायचंय? पण केलं. पहिल्यांदा फोनवरचा सर्व्हे, अठरा प्रश्न, आणि फोन करायला कोण, तर मीच, कारण आवाज ओळखीचा. तिथेच घोटाळा झाला. आपल्याकडे जेवायला बोलावलेल्या माणसाला कसं झालंय विचारलं तर भाजी खारट झालीय असं कोण सांगतं? सगळे म्हणाले छान आहे. काही प्रॉब्लेम? नाही हो, तुम्ही असता ना. एक ते दहा मधे किती मार्क द्याल? मेहता काका म्हणाले, "तुम्हीच टाका काय ते." मी आठ टाकले. नंतर त्या आठचा कॉन्फरन्स रूममधे ग्राफ झाला, हिरवा खांब, आणि मी गप्प बसून बघितला. फार फार तर कुणी सूचना केली तर एकच, व्हॉट्सअपवर पट्टी पाठवता आली पाहिजे, ती तर न विचारताही माहिती होती.

मग ठरलं की प्रत्यक्ष जायचं. किती जणांकडे? हेड म्हणाला पाच बास. त्याला आधार होता, जेकब निल्सन यांनी २००० मधे मांडलेलं, की पाच जणांना वापरायला लावलं तर सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात. मला तेव्हा काही कळत नव्हतं म्हणून मान डोलावली. नंतर वाचलं, विचार केला, तर लक्षात आलं की ते गणित तयार झालेल्या गोष्टीतले दोष सापडायचं आहे. गळका नळ शोधायला पाच जण पुरतात. घरात माणसं कशी राहतात हे कळायला किती जण लागतात? त्याचा आकडा मला तरी कुणी सांगितलेला नाही. दुसरी एक गोष्ट मात्र वाचली ती पटली. कॅरन होल्ट्झब्लॅट आणि ह्यू बायर या दोघांनी नव्वदच्या दशकात सांगितलेली पद्धत, की मुलाखत घ्यायलाच जाऊ नका. ज्याचं काम आहे तो उस्ताद, तुम्ही हाताखालचं पोरगं. शेजारी बसा, बघा, अडलं तर विचारा. आपल्याकडे सुतारकाम, शिवणकाम, मूर्तिकाम सगळं असंच शिकवत आले की. आम्हालाच ते परदेशातून परत आल्यावर कळलं.

पहाटे पाचला ठाण्याहून निघालो. बाजारात शिरलो तेव्हा उजाडायचं होतं, ट्रकच्या टपावर पिवळे दिवे, माथाडी गोणी पाठीवर घेऊन धावतच जात होते, त्यांच्या वाटेत उभं राहिलं की "ओ ताई बाजू" असा एकच आवाज मागून यायचा. पायाखाली कांद्याची सालं, इतकी की चालताना वाळकी पानं तुडवल्यासारखा आवाज. गाळ्याच्या मागच्या बाजूला पोटमाळा, लाकडी जिना, वर काका. मी आवाजावरून जाड, उंच माणूस धरून चालले होते. प्रत्यक्षात बारीक, ठेंगणे, पांढरी टोपी, स्वेटर, गळ्यात चष्म्याची दोरी. मी "काका, मी सपोर्टवाली" म्हटल्यावर दोन सेकंद बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही एवढ्याशाच?" म्हणजे त्यांनीही मला मोठं धरलं होतं. चहा आला, त्यानंतर मॅडमची ताई झाले.

त्या दिवशी मी त्यांचे हात बघितले. बाकी काही लिहून घ्यायचं सुचलंच नाही पहिला अर्धा तास. उजवा हात आकड्यांच्या पॅडवर, डावा हात चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर. खालून पोरगा चिठ्ठी आणून ठेवतो, त्यावर पेन्सिलीने वक्कल (म्हणजे मालाचा लॉट), गोणी, वजन, भाव. काका चिठ्ठीकडे बघतात, स्क्रीनकडे नाही. बोटं चालतात, एंटर, आकडा, एंटर, एंटर, आकडा, एंटर एंटर एंटर, मधेच एकदा थांबतात, तेवढ्यात मागे प्रिंटर खरडायला लागतो, आणि काका मान थोडीशी तिरकी करून त्याचा आवाज ऐकतात. बघत नाहीत, ऐकतात. मी विचारलं काय ऐकता? म्हणाले, सात ओळी वाजल्या पाहिजेत, कमी वाजल्या तर काहीतरी राहिलंय. कीबोर्डच्या फटीत कांद्याचं साल अडकलेलं, गुलाबी, पातळ, ते दर थोड्या वेळाने फुंकर मारून उडवायचे आणि पंख्याने ते परत तिथेच यायचं. माऊसची वायर गुंडाळून, रबर लावून गणपतीच्या फोटोमागे ठेवली होती. आमच्या डिझायनरने हे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण तिच्या बॅगेत नव्या स्क्रीनचे जे नमुने होते ते सगळे माऊसचे होते.

ते नमुने लॅपटॉपवर दाखवले. काकांनी शेतकऱ्याचं नाव टाईप केलं आणि सवयीने एंटर मारला. वेबवरच्या फॉर्ममधे एंटर मारला की काय होतं माहितीये ना, फॉर्म सरळ जातो. अर्धी पट्टी 'सेव्ह' झाली, वर लाल अक्षरांत पाच चुका. काकांनी कीबोर्डवरून हात असा उचलला, जसा काही चटका बसला. "माझं काही चुकलं का?" असं त्यांनी मला विचारलं. तीस वर्षं या कामात असलेल्या माणसाने, मला. ते वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. घरी येऊन एक्सेल उघडलं आणि उगाच तिरक्या रेघेचं बटण, ते स्लॅशचं, दाबून बघितलं. अजून वरचा मेन्यू जागा होतो. ते लोटस १-२-३, म्हणजे एक्सेलच्या आधीचं तसलंच सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी ठेवलेलं, ऐंशीच्या दशकातलं. लोटस जाऊन जमाना झाला, बोटांची सवय त्यांनी सांभाळली. टॅलीवाल्यांनीही तेच केलं, २०२० मधे अख्खं रूप बदललं पण एफ८ म्हणजे सेल्स आणि एफ९ म्हणजे परचेस हे तसंच राहिलं. हे सगळं मी हेडला सांगितलं, त्याला लगेच पटलं. आमच्या पोरांनी तीन आठवडे घालून एंटरची चाल जुन्यासारखी करून दिली. हा भाग सोपा होता.

अवघड पुढचाच.

साडेनऊच्या सुमारास गर्दी ओसरली. खाली एक छोटा खरेदीदार आला, दोन गोण्या हव्या होत्या, उधारीवर. पोरगा वर येऊन नाव सांगून गेला. काकांनी पार्टीची, म्हणजे त्या खरेदीदाराची माहिती उघडली, एंटर मारत मारत खाली गेले, एका रकान्यापाशी थांबले, मग खिडकीतून खाली ओरडले, "दे." रकाना फॅक्सचा होता. आणि त्यात फॅक्सचा नंबर नव्हता. मी वाकून बघितलं तर काकांनी तळहात स्क्रीनवर ठेवला. शाळेत शेजारचा बघतोय म्हटल्यावर पोरं पाटी झाकतात तसा. मग स्वतःच ओशाळले, हात काढला.

मी तो रकाना आधीच लाल केला होता. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या जुन्या बॅकअपवरून मी कुठले रकाने वापरात आहेत आणि कुठले नाहीत याची यादी केली होती. फॅक्स कोण वापरतं आता? आणि काही ठिकाणी त्यात असलं भलतंसलतं भरलेलं, दोन आकडे, एखादं अक्षर, मी शेजारी लिहिलं होतं 'कचरा डेटा, काढून टाकावे'. माझ्याच हाताने.

काकांनी सांगितलं, हळूहळू, जिन्याकडे लक्ष ठेवून. आकडा असेल तर तितक्या दिवसांनी माणूस पैसे देतो. तो सांगतो ते दिवस नव्हेत, देतो ते. शून्य म्हणजे रोखीशिवाय नाही. बी असेल तर याला नाही, याच्या भावाला फोन करायचा. एका नावापुढे इंग्रजी व्ही होता. तो म्हणजे वहिनी. नवरा गेला, हातगाडी आता ती लावते, हिला तगादा करायचा नाही, ती आणून देते. (खुणा मी इथे लिहिताना बदलल्यात, काळजी नसावी.) फॅक्सच का? तर त्याचं उत्तर इतकं साधं होतं की मला हसू आलं. पत्त्यात लिहिलं तर बिलावर छापून येतं. फोनच्या जागी फोन लागतो. फॅक्स हा अख्ख्या निळ्यामधला एकच रकाना जो कुठेच छापून येत नाही, कुठल्या यादीत नाही, कुठल्या रिपोर्टात नाही. सरांनी कधीतरी नव्वदमधे उत्साहाने घातला आणि मग छापायचं विसरले. त्या विसरण्यात काकांनी तीस वर्षांची माणसं ठेवली होती. शेठला माहितीये का, मी विचारलं. काका म्हणाले, "शेठ तापट आहेत."

मला माझे बाबा आठवले. कळव्याच्या एका पतपेढीत ते क्लार्क होते. लाल कापडी पाठीची खतावणी, इतकी जड की टेबलावर टाकली की दौत हलायची, आणि प्रत्येक पानाला डावीकडे समास. त्या समासात बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या, टिंब, फुली, छोटंसं गोल. लहानपणी सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची, एकदा विचारलं हे टिंब कसलं, तर म्हणाले हा माणूस गणपतीत हप्ता चुकवतो आणि दिवाळीनंतर दोन्ही आणून देतो, त्याला बोलायचं नाही. मग पतपेढीत कॉम्प्युटर आला. बाबांनी सगळ्या खतावण्या स्वतः बसून त्यात भरल्या, एका बोटाने, कित्येक महिने, चूक न करता. पेन्सिलीच्या खुणा कुठे भरायच्या हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. एकदा संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "यात समास नाही गं." मला वाटलं छपाईबद्दल बोलताहेत. पहिल्याच वर्षी गणपतीत कॉम्प्युटरने त्या टिंबवाल्याला नोटीस काढली. तो बाबांना ठाणे स्टेशनात दोन नंबरवर समोरासमोर भेटला आणि ओळख न दाखवता पुढे गेला. बाबांनी घरी येऊन ते सांगितलं आणि टीव्ही लावला. कुठली मालिका लागली होती तेही मला आठवतंय, बाबा तिच्याकडे बघत नव्हते हेही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात काचेच्या भिंतीवर पिवळे कागद चिकटवायचा कार्यक्रम. माझी पाळी आली तर मी फॅक्सची गोष्ट सांगितली. आणि खरं सांगू का, रंगवून सांगितली. काकांनी तळहात कसा ठेवला ते करून दाखवलं. सगळे हसले, दाद आली, मला छान वाटलं, अकरा वर्षं फोन उचलणारी बाई एकदम बैठकीतली मुख्य वक्ता झाले. हेड उठून भिंतीपाशी गेला आणि म्हणाला हे तर सोनं आहे. दहा मिनिटांत त्याचं 'पार्टी रेटिंग' झालं. पाच तारे, लाल-पिवळा-हिरवा रंग, उशीर किती दिवसांचा ते आपोआप मोजायचं, आणि शेठच्या मोबाईलवर, बरं का, शेठच्या मोबाईलवर सकाळी सकाळी यादी, कुणाला माल देऊ नये याची. चांगलीच कल्पना होती. कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, हवंय म्हणेल. मी बघत होते आणि माझ्या पोटात काहीतरी खाली खाली जात होतं. हातगाडीवाल्या वहिनीला किती तारे? उशीर दिवसांत मोजला तर ती लाल. आणि ही लाल यादी मी पुरवली होती, चहा पिऊन, ताई म्हणवून घेऊन.

तेव्हा मला काकांच्या प्रश्नाचं उत्तर कळलं. फॅक्स काढला काय, ठेवला काय, आणि त्याचं नाव बदलून सोन्याच्या चौकटीत बसवला काय. आम्ही जे काढत होतो ते म्हणजे कुणी बघत नाही ही सोय. ती कुठल्या सर्व्हेत येणार? 'तुमच्या सॉफ्टवेअरमधे कुणाला न दिसणारी जागा किती हवी?' असा प्रश्न विचारला तर प्रामाणिक माणूस काय उत्तर देईल! हेडचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच चूक नाही, की पैसा शेठचा आहे, त्याला कळायला नको का? उद्या मेहता काका सोडून गेले तर ते ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार. मी म्हटलं हो. खरंच आहे ते. त्यावर माझ्याकडे नीट उत्तर तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. उद्या एखादा मेहता त्याच रकान्याआड शेठला फसवेलही. फक्त ती गोष्ट मला कुणी विश्वासाने दाखवली होती आणि मी ती दहा मिनिटांत वाटून टाकली, हे टोचत होतं, आणि टोचणं हा काही मुद्दा म्हणून मीटिंगमधे मांडता येत नाही.

म्हणून मी खोटं कारण दिलं. म्हटलं, जुन्या डेटाची सुसंगतता राहायला हवी, काही पार्ट्यांचे फॅक्स अजून चालू आहेत, रकाना आहे तसा राहू दे, छपाईत नको, रिपोर्टात नको. 'सुसंगतता' हा शब्द असा आहे की त्याच्याशी कुणी भांडत नाही. सर कोपऱ्यात बसले होते, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "राहू दे तो." त्यांना काही माहिती होतं का, मी आजवर विचारलेलं नाही. रेटिंगही झालंच, थांबलं नाही. आणि फॅक्सही राहिला. नवीन लागलेली पोरं दर थोड्या दिवसांनी तक्रार टाकतात, हा रकाना कशाला, जमाना कुठे चाललाय, आणि मी ती दर वेळी बंद करते, कारण एकच, ग्राहकाची गरज.

पांढरं (हो, नव्याला बाजाराने पांढरं नाव ठेवलं) काकांच्या गाळ्यावर बसवून आता चार महिने झाले. मधे शेठचाच फोन आला होता, खूश होते, "तुमचं ते ताऱ्याचं फार भारी, आमच्या सगळ्या पार्ट्या चांगल्या निघाल्या!" मी बघितलं. आपोआप मोजायचं काकांनी सेटिंगमधून बंद केलं होतं, कसं शोधलं देव जाणे, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला तीन तारे.

परवा काकांचा फोन आला. नंबर बघूनच ओळखलं, मोबाईल कानाला लावला तर मागे प्रिंटर वाजत होता, तो काही त्यांनी बदलू दिला नाही. म्हणाले सहज केला. फॅक्सबद्दल एक शब्द बोलले नाहीत, मीही नाही. एंटर नीट चालतोय म्हणाले. मग थोडं थांबून, "ताई, यात ते रीइंडेक्स कुठून मारायचं?"

म्हटलं, काका, ते आता लागतच नाही. लाईट गेली तरी नावं कुठे जात नाहीत. ते काढलं आम्ही.

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मग आता फोन कशाला करायचा तुम्हाला?"

मी म्हटलं करा की असाच. ते म्हणाले बरं बरं, आणि खालून कुणीतरी हाक मारली, गाडी लागली होती, तर ठेवला.